‘फोकस गेलाय’ म्हणजे नक्की काय झालंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मावसबहिणीचे खणाच्या साडीतले फोटो तुम्ही ठाण्यात उपवन तलावाच्या काठावर संध्याकाळी काढले. रविवारी एकत्र फोटो काढायला जाणाऱ्या मंडळींना दाखवले, तर चार शेरे आले: ‘एक नंबर’, ‘फोकस गेलाय’, ‘बॅकग्राउंड फार बिझी’ आणि ‘चेहरा काळा पडलाय, जरा उजळ कर’. तुम्ही हिरमुसलात. त्यात आता त्यांच्यातलाच एक मित्र खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये काढलेले भावाचे फोटो घेऊन आलाय आणि ‘खरं खरं सांग’ म्हणतोय. आलेल्या शेऱ्यांतलं मनावर काय घ्यायचं आणि त्याला काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

लग्नं, प्री-वेडिंग आणि पोरांचे वाढदिवस यांवर माझं घर चालतं. नवख्यांचे फोटो बघणं हा त्यातला बिनपैशाचा भाग. इतकी वर्षं ते बघून माझ्याकडे कसोटी एकच उरलीय. शेरा ऐकल्यावर ‘त्या जागी, त्या वेळी उभं असताना मी काय बदलू शकलो असतो’ हे कळतं का? कळत असेल तर शेरा कामाचा, मग तो कितीही खडूस आवाजात आलेला असो. कळत नसेल तर कौतुक काय आणि टीका काय, दोन्ही सारखंच.

या कसोटीवर ‘एक नंबर’ लगेच बाद होतो. आनंदाने घ्या आणि सोडून द्या. फार तर विचारा, ‘कशामुळे आवडला?’ उत्तर आलं तर तुमचा फायदा, नाही आलं तर नुकसान काहीच नाही.

‘फोकस गेलाय’वर मात्र थांबू या, कारण या दोन शब्दांखाली चार वेगवेगळी दुखणी लपतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं.

फोटो लॅपटॉपवर पूर्ण मोठा करून बघा. पापण्या सॉफ्ट, म्हणजे पुसट आहेत, पण ब्लाउजच्या बाहीचा काठ, त्यातली वीण अगदी शार्प दिसते? मग फोकस चुकून पुढच्या खांद्यावर बसलाय. फोकस पॉइंट (कॅमेरा जिथे फोकस करतो ती चौकट) बोटाने डोळ्यावर न्या, चेहरा तिरका असेल तर जवळच्या डोळ्यावर, आणि कॅमेऱ्यात ‘आय एएफ’ (आपोआप डोळ्यावर फोकस करणारी सोय) असेल तर ते चालू ठेवा.

जवळचा डोळा शार्प आहे आणि लांबचा डोळा, कान, झुमका सॉफ्ट आहेत? मग फोकस बरोबर आहे, फक्त ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, फार उघडं आहे. तुमच्याकडे ५० एमएम एफ १.८ लेन्स आणि क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा आहे; एफचा आकडा जितका लहान, तितकं हे भोक मोठं. दीड मीटरवरून एफ १.८ ला शार्प पट्टा साधारण सहा-सात सेंटिमीटरचा मिळतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर त्याच्या दुपटीच्या जवळ जातं. एफ ४ केलंत की पट्टा दुपटीहून थोडा जास्त होतो आणि मागचं पाणी तरीही पुरेसं विरघळलेलं राहतं. नवीन लेन्स घेतलेला माणूस एफ १.८ सोडायला तयार नसतो, हेही मला ठाऊक आहे; पैसे त्याचेच मोजलेले असतात ना.

फ्रेममधलं सगळंच, अगदी कठडासुद्धा, एकाच दिशेने फरफटल्यासारखं दिसतंय? तो हात हलला. कठडा स्थिर, पण पदर आणि चेहरा पुसट? ती हलली. संध्याकाळी उजेड उतरला की कॅमेरा गुपचूप शटर उघडं राहण्याचा वेळ १/६० सेकंदावर आणतो आणि आपलं लक्ष तिच्या हसण्याकडे असतं. शटर १/२५० हून सावकाश होऊ देऊ नका, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. थोडा नॉइज (दाणेदारपणा) आलेला फोटो लोक आनंदाने बघतात, हललेला बघत नाहीत.

पाचवी शक्यता राहिली: फोटोला काहीच झालेलं नाही, तुम्ही तो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलात. तिथे तो दाबून लहान होतो, पापण्यांचा पार लगदा होतो. शिवाय शटर, ॲपर्चर, आयएसओ ही माहिती पुसली जाते, म्हणजे सांगणाऱ्याला निदान करायला काही उरतच नाही. अभिप्राय हवा असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एक सावधगिरी: फोनवरून काढलेल्या फोटोत लोकेशन चालू असेल तर डॉक्युमेंटसोबत तेही जातं. घराच्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत काढलेला मुलीचा फोटो अनोळखी मंडळींत पाठवताना ते आधी काढून टाका.

तर ज्याने ‘फोकस गेलाय’ लिहिलं त्याच्यावर चिडू नका. त्याला विचारा, ‘कुठे शार्प दिसतंय आणि कुठे नाही?’ हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस पहिल्यांदा फोटो नीट बघतो, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे मंडळींत एखादे काका असतात, त्यांचं बोलणं उलटून विचारणं जड जातं. ‘काका, मला दिसत नाहीये, बोट ठेवून दाखवता का?’ म्हणा. काका खुलतात आणि आपलं काम होतं.

आता ‘बॅकग्राउंड बिझी’. उपवनला मागे दिवे, कठडा, बाकं, फेऱ्या मारणारे लोक, त्यांचे फ्लुरोसंट टी-शर्ट हे सगळं असतंच. ठाण्यातल्याच तलावपाळीला तर त्याहून जास्त. त्यातलं नेमकं काय खुपतंय, हे सांगितलं नाही तर शेऱ्याचा उपयोग शून्य. इथे तंत्र अजिबात न कळणारा माणूससुद्धा उत्तम मत देऊ शकतो, फक्त त्याला प्रश्न बरोबर विचारायला हवा: ‘तुझी नजर पहिल्यांदा कुठे गेली, आणि नंतर कुठे?’ आईला विचारा, शेजारच्या काकूंना विचारा. नजर आपोआप सगळ्यात उजळ जागेकडे जाते, लाल-केशरी रंगाकडे जाते, अक्षरांकडे जाते. तुमच्या फोटोत ती बहिणीच्या डोळ्यांऐवजी उजव्या कडेच्या दिव्याकडे जात असेल, तर दोष नेमका सापडला.

बहुतेक वेळा उपाय दोन पावलांचा असतो. डावीकडे दोन पावलं सरका, दिवा तिच्या डोक्यामागे लपतो. गुडघ्यावर बसा, कठड्याची आडवी रेघ मानेतून जाते ती खाली खांद्यांपर्यंत उतरते. तिला कठड्यापासून दहा-बारा फूट पुढे आणा, मागचं आपोआप मऊ होतं. हे सगळं फोटो काढण्याआधी करता येतं, म्हणून या शेऱ्याला माझ्या लेखी किंमत आहे.

पण त्याआधी एक गोष्ट तुम्ही सांगायला हवी होती: तुम्हाला हवं काय होतं? ‘आमचं उपवन दिसायला हवं’ हा हेतू असेल, तर ‘मागचं ब्लर कर’ हा सल्ला चांगला असूनही तुमच्यासाठी चुकीचा आहे. फोटो दाखवताना दोन ओळी सोबत लिहा. म्हणजे असं: ‘बहीण आणि मागे उपवन, दोन्ही हवं होतं. संध्याकाळी सहा, ५० एमएम, एफ १.८. तिच्याआधी नजर दुसरीकडे जाते का, एवढंच सांगा.’ नुसतं ‘कसा वाटला?’ विचारलंत तर उत्तरंही तशीच मोघम येणार.

चौथा शेरा सगळ्यात नाजूक. ‘चेहरा काळा पडलाय, उजळ कर’ यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पहिली, उजेडाची. उपवनच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत. तळं आणि डोंगर मागे घेऊन तुम्ही संध्याकाळी तिला उभी केलीत, म्हणजे सगळा उजेड तिच्या पाठीमागून आला. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मिळून सरासरी मधला करडा यावा अशा बेताने मोजतं. फ्रेममध्ये उजळ आकाश भरपूर असेल तर ते एक्सपोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, कमी करतं आणि चेहरा अंडर जातो, काळवंडतो. यात बहिणीचा काही दोष नाही, फारसा तुमचाही नाही, घड्याळाचा आहे. त्यात उपवनला ॲपवरची सूर्यास्ताची वेळ कामाची नाही. सूर्य आधीच डोंगराआड जातो, आणि ॲप सांगतं त्या शेवटच्या सोनेरी उजेडाची वाट बघत बसलात तर तो येतच नाही.

तिथे उभं असताना काय करता आलं असतं? एक्सपोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्याच्या दुप्पट उजेड; आकाश उडालं, म्हणजे तपशील जाऊन पांढरं झालं, तर उडू द्यायचं. किंवा कुणाला तरी समोर पांढरा फोमबोर्ड धरायला लावायचा. किंवा सरळ तिला उलट फिरवायची: चेहरा पश्चिमेकडे, तुमची पाठ तळ्याकडे. सूर्य डोंगरामागे गेल्यावरचं मोकळं आकाश चेहऱ्यावर फार सुंदर पसरतं, डोळ्यांत मोठी चमक येते, पण तळं हातचं जातं. तळंही हवं आणि चेहऱ्यावर उजेडही हवा, तर सकाळी जा. पूर्वेचा उजेड समोरून मिळतो आणि मागे पाणी, डोंगर जागच्या जागी. वाशीच्या सागर विहारलाही हेच गणित, खाडी पश्चिमेला आहे. तिथे संध्याकाळी सूर्यास्त मिळतो, चेहरा नाही मिळत. अर्थात तुम्हाला सावलीसारखी काळी आकृतीच हवी असेल तर संध्याकाळच बरोबर, आणि मग ‘चेहरा काळा’ हा शेरा शांतपणे बाजूला ठेवायचा.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि इथे मी कडक आहे. ‘चेहऱ्यावर एक स्टॉप कमी पडलाय’ (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) हा अभिप्राय झाला. ‘हिला जरा गोरी कर’ हा अभिप्राय नाही. सावळी त्वचा अंडर गेली की केस, भुवया, मानेची सावली सगळं एकात एक मिसळतं आणि चेहरा सपाट होतो. तो दोष खरा आहे आणि दुरुस्त करायलाच हवा. पण दुरुस्तीनंतर ती सावळीच दिसली पाहिजे. गोरी त्वचा मधल्या करड्याहून साधारण एक स्टॉप उजळ असते, सावळी त्याच्या आसपास किंवा खाली. सावळ्या चेहऱ्याने फ्रेम भरली की कॅमेरा उलट चूक करतो, ओव्हर करतो, म्हणजे जास्त उजेड घेतो, आणि मंडळी म्हणतात ‘वा, काय उजळ आलाय!’ तिथेही सांगायला हवं, की कपाळावरची त्वचा उडालीय.

ही खोड आपली एकट्याची नाही. कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून फोटो लॅबना रंग जुळवण्यासाठी नमुन्याची कार्डं देत असे, त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. कंपनीत काम करणाऱ्या शर्ली पेज या बाईच्या नावावरून त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. ‘बरोबर रंग’ म्हणजे तिचा रंग, अशी सवय कित्येक लॅबना लागली. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेली कार्डं यायला १९९० चं दशक उजाडलं. आज ते काम फोनमधलं ब्युटी फिल्टर करतं, तेही न विचारता. फोटो काढण्याआधी ते बंद करा.

यातून माझा एक नियम निघतो. माणूस जे जन्मतः घेऊन आलाय त्यावर बोलायचं नाही: रंग, वजन, दात, नाक. छायाचित्रकाराने जे केलं त्यावर हवं तेवढं बोला. ‘नाक मोठं दिसतंय’ असं कधीच लिहू नका. ‘फोन फार जवळ होता, चार पावलं मागे जाऊन टू एक्स झूमने काढ’ असं लिहा. चेहऱ्याची प्रमाणं बिघडतात ती अंतरामुळे; हातभरावरून फोनच्या साध्या कॅमेऱ्याने कुणाचंही नाक मोठंच येणार. आणि लक्षात ठेवा, फोटोतली व्यक्ती हे सगळं वाचत असते. मावसबहिणीला विचारून फोटो दाखवलेत का? नसेल विचारलं तर पुढच्या वेळी विचारा, आणि तिथे लोक फोटोबद्दल बोलतील हेही सांगा. फोटो काढत असतानाही तेच. स्क्रीनकडे बघून ‘च्च’ करू नका. बिचारी समजते आपणच वाईट दिसतोय, आणि पुढचे वीस फोटो आखडलेले येतात.

आता तुमच्या मित्राचे खारघरचे फोटो. तुम्ही लिहिलंय की भाऊ हिरवळीवर झाडाखाली बसलाय, दुपारचे साडेबारा. त्याला आधी दोन गोष्टी विचारा: काय हवं होतं, आणि काय अडचण होती? दुसरा प्रश्न लोक विसरतात. काही बागांत मोठा कॅमेरा किंवा ट्रायपॉड दिसला की सुरक्षारक्षक हटकतात. तिथे ‘रिफ्लेक्टर (चेहऱ्यावर उजेड परतवणारा फलक) का नाही लावलास’ विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याची उत्तरं आल्यावर मी तुमच्या जागी साधारण असं लिहीन:

‘भावाचं हसू खरं आलंय, तो कॅमेऱ्याकडे नाही तर तुझ्याकडे बघतोय हे कळतं. तेवढ्यासाठी हा फोटो ठेवच. माझी नजर मात्र आधी त्याच्या डाव्या गालावरच्या कवडशावर गेली, मग कपाळावरच्या, आणि डोळ्यांवर शेवटी. बुंध्याच्या बाजूला दोन फूट आत सरकवलं असतंस तर अख्खा चेहरा एका सावलीत आला असता. हनुवटीखाली हिरवट झाक आहे, ती समोरच्या गवतावरून उसळलेल्या उन्हाची आहे. मांडीवर पांढरा टॉवेल ठेवला तर जाईल. बाकी क्रॉप वगैरे नंतर बघू.’

यात मी काय टाळलंय ते बघा. सहा चुका काढल्या नाहीत. कवडसा मुख्य, कारण तो नंतर कॉम्प्युटरवर धड निघत नाही. गालावर उडालेली त्वचा परत येत नाही. हिरवी झाक दुय्यम. आधी उजेड, फोकस, भाव आणि मागचं, मग जमलं तर क्रॉप आणि रंग. बरेच जण नेमकं उलट करतात. ‘रूल ऑफ थर्ड्स (चेहरा मधोमध न ठेवता फ्रेमच्या एक तृतीयांशावर ठेवायचा नियम) पाळला नाहीस’ हा माझ्या मते सगळ्यात आळशी शेरा; चेहरा मधोमध असण्याने काय बिघडलं ते सांगता येत नसेल तर गप्प राहावं. ‘मी असतो तर ब्लॅक अँड व्हाइट केला असता’ हेही नको. तो तुमचा फोटो झाला, त्याचा नाही.

कौतुकाचं वाक्य मी आधी टाकलंय ते त्याला बरं वाटावं म्हणून नाही. भाऊ त्याच्यासमोर मोकळा होतो, ही त्याची जमेची बाजू आहे आणि ती त्याला स्वतःला ठाऊक नसेल. ती सांगितली नाही तर पुढच्या वेळी कवडसे टाळण्याच्या नादात तो भावाला आखडवून टाकेल. खरंच काही चांगलं दिसत नसेल तर खोटं मात्र लिहू नका, नवख्यालाही ते कळतं. आणि साडेबारा वाजले होते म्हणून त्याला झोडपू नका. सुट्टीच्या दिवशी भाऊ तेव्हाच मोकळा असेल. पावसाळ्यात ढगाळ उजेडाला जा, असा सोपा सल्लाही पुरेसा नाही. ढगांचा उजेडही वरूनच येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तेव्हा हनुवटी किंचित वर करायला सांगावं लागतं.

आता शेरे घेण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. शेरा आला की पहिल्या मिनिटात ‘हो, पण’ लिहू नका. ‘हो, पण उजेडच नव्हता’, ‘हो, पण ती घाईत होती’. खरं असेल, तरी ते लिहिलं की समोरचा पुढचं सांगायचं थांबतो. ‘बघते’ एवढं म्हणा. मग सगळे शेरे एकत्र ठेवून बघा. पुष्कळदा दोघांचे सल्ले उलटे दिसतात, पण बोट एकाच जागेवर असतं. समजा एक जण म्हणाला ‘घट्ट क्रॉप कर’ आणि दुसरा म्हणाला ‘बॅकग्राउंड बिझी’, आणि दोघांनाही तो उजव्या कडेचा दिवाच खुपत होता. दुखरी जागा लोकांना बरोबर सापडते, औषध मात्र ते आपापल्या सवयीचं देतात. जागा त्यांच्याकडून घ्या, औषध तुमच्या हेतूप्रमाणे तुम्ही ठरवा.

मावसबहीण तयार असेल तर तीच साडी, तीच जागा, फक्त सकाळची वेळ, एवढा एकच बदल करून परत जा. सगळं एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आणि मित्राचे फोटो बघाल तेव्हा फोनवर बघू नका. लॅपटॉप घ्या, ब्राइटनेस अंधाऱ्या खोलीत निम्म्याच्या आसपास ठेवा आणि रात्रीचा पिवळट स्क्रीन मोड बंद आहे ना ते तपासा. तो चालू असला तर गोऱ्या, सावळ्या सगळ्यांचे चेहरे पिवळे दिसतात, आणि तुम्ही त्या बिचाऱ्याला व्हाइट बॅलन्सवरून (फोटोतल्या रंगांच्या समतोलावरून) उगाच ऐकवाल.